बॉल कोणाचा, हे सांगणारी

प्रिय वैशू,

उद्या फायनल आहे आणि जेवल्यापासून मी घरभर येरझारा घालते आहे. आई वैतागली, "एका जागी बस नं वं, मले चक्कर येऊन राहिली!" बसले, तर हात तुलाच लिहायला लागला. दुसऱ्या कोणाला सांगू?

तापाचं निमित्त झालं, तू गेलीस, आणि आपली व्हॉलीबॉलची टीम मुकी झाली. खरंच! बॉल दोघींच्या मधे येतो, दोघी एकमेकींकडे बघतात, तो आरामात खाली पडतो. मागून तू ओरडायचीस ना, "पल्लवी, तुझा वं! सोडू नको!" सगळ्यांचं तू एकटीच बोलायचीस. काहून केलंस असं? आम्हाला तोंड उघडायची वेळच येऊ दिली नाहीस.

ज्यांच्या तासाला तू डुलक्या घ्यायचीस, त्या मानसशास्त्राच्या मॅडम आता सरावाला येतात. थोडे दिवस नुसत्या बघत बसल्या. मग म्हणाल्या, "यांना बोलता येतं. पण सवय वैशूच्या आवाजाची आहे. अजून तिचीच वाट बघतात." मला इतका राग आला! पाणी प्यायला गेले आणि बराच वेळ परत आलेच नाही.

मग त्यांनी नियम केला. जी आधी "माझा" ओरडेल तिला टाळ्या, बॉल सुटला तरी. आणि "काहून सोडला?" असं कोणी विचारायचं नाही. ओरडून बोलणी खाल्ली की पुढच्या वेळी माणूस गप्पच बसतो, म्हणे. पहिल्या दिवशी शीतल "माझा!" ओरडली, बॉल थेट नाकावर! आणि आम्ही टाळ्या वाजवतोय! तू तर लोळली असतीस हसून.

हळूहळू सगळ्यांचे आवाज फुटले. माझा नाही. कॅप्टन मी, आणि मीच मुकी! तुझ्या जागी मी ओरडले की तू खरंच गेलीस, असं वाटतं वं. कसं ओरडू?

आज सकाळी बॉल माझ्या आणि रुचाच्या मधे आला. रुचा फर्स्ट इयरची, तिने तुला कधी पाहिलेलंही नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी थांबले. बॉल पडला.

"ताई, तुम्ही कोणाची वाट पाहून राहिल्या?"

तिने साधंच विचारलं होतं. बाकीच्या पोरी खाली बघायला लागल्या. शीतल उगाच बुटाची लेस बांधत बसली.

तेव्हापासून जिवाला चैन नाही. तर्री-पोहेसुद्धा अर्धे टाकले, म्हणजे बघ!

वैशू, उद्या तो बॉल मधे येणार, हे नक्की. चुकेन, नाक फुटेल, काहीही होवो, मी घसा फाडून "माझा!" ओरडणार. रागावू नकोस. उद्या मी तुझी वाट बघणार नाही.

तुझी,
आत्तापासूनच घसा खाकरत बसलेली
पल्लवी