तळाशी बसणारा मासा

आये, तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच हे इतकं सरळ लिहू शकतो. इथे परदेशात, रेजिना शहरात, आमच्या बेसमेंटमध्ये, काचेच्या टाकीत, आफ्रिकेतल्या नद्यांच्या मुखाशी राहणाऱ्या माशांची एक जोडी आहे. गोबी म्हणतात त्यांना. माझ्या मुलाने ती आणली आणि नोकरीसाठी किचनरला जाताना माझ्या गळ्यात टाकली. हा मासा फारसा पोहत नाही. वाळूवर पोट टेकून बसतो, पोटाखालच्या परांनी दगडाला चिकटतो, तोंडभर वाळू घेतो, खाण्याजोगं ठेवून बाकीची कल्ल्यांतून सोडून देतो. तुझ्या टोपलीतही असले चिखलातले मासे सगळ्यात खाली असायचे. सकाळी पूजा आटोपली की मी खाली जाऊन टाकीसमोर बसतो.

या थंडीत मादीने दगडाखाली अंडी घातली. नर खाणंपिणं सोडून त्यांना परांनी पाणी घालत राहिला, आजाऱ्याला वारा घालावा तसा. पिल्लं निघाली, दिसतील न दिसतील अशी, आणि सगळी मेली. मी मुलाला फोन केला.

"बाबा, दे नीड सॉल्ट वॉटर. नदीत जन्मतात, प्रवाह त्यांना समुद्रात नेतो, थोडी मोठी झाली की परत नदीत येतात."

"परत आल्यावर बाप ओळखतो?"

तो हसला. "फिश आहे, बाबा! तोंडात मावलं तर खाऊन टाकेल." मग म्हणाला, "माझा जॉब गेला. स्प्रिंगपर्यंत बेसमेंटमध्ये राहू का?"

एकुलत्या एक मुलाला मी "बघू" म्हणालो. फोन ठेवला तेव्हा मला आपल्या खाडीचा धक्का दिसत होता. तालुक्याच्या बोर्डिंगातून मी पळून आलोय, तुटक्या चपला हातात आहेत, आणि तू विळीवर मासे कापते आहेस. मी समोर उभा राहतो. तू मान वर करून माझ्याकडे नीट बघतेस आणि शेजारणीला विचारतेस, "ह्यो कोणाचो झील गो?"

"तुझोच मगे! डोळे फुटले काय तुझे?"

"माझो थंय बोर्डिंगात शिकता. ह्यो खंयचो तरी भिकारी. तेका दी एक शेपटी."

शेजारणीने खरंच एक शेपटी माझ्या पायाशी टाकली. धक्क्यावरच्या सगळ्या बायका हसल्या. तूही. मी आलो तसा परत चालत गेलो.

पुढे शिकलो, इंजिनिअर झालो. तू गेलीस तेव्हा मी इथेच होतो. आईने काळजावर दगड ठेवला म्हणून मी घडलो, असं मी सगळ्यांना सांगत आलो. देवापुढे हात जोडतानाही तेच म्हणायचो. ते ऐकूनच माझी बायको तुझ्या फोटोला रोज फूल वाहते.

रविवारी मुलगा आला. बायकोने खाली त्याचं अंथरूण घालून ठेवलं होतं. बेल वाजली, मी दार उघडलं. दोन बॅगा, पापण्यांवर बर्फ. मी दारातून हललो नाही.

"कोण पाहिजे आपल्याला?"

"व्हेरी फनी, बाबा. मायनस थर्टी आहे."

"आमचा मुलगा किचनरला नोकरी करतो."

तो पुन्हा हसला. मी तसाच उभा. त्याचं हसू हळूहळू आटलं, आणि लहानपणी रडू फुटण्याआधी व्हायचे तसे त्याचे ओठ झाले. मागून बायको ओरडली, "अहो, थंडी आत येतेय, घ्या ना त्याला!" तेव्हा मी बाजूला झालो. माझ्याकडे न बघता तो जिना उतरून गेला. अजून बोलत नाही. मी खाली गेलो की हेडफोन लावतो.

आये, त्याने धडा घ्यावा, पायावर उभं राहावं, असलं काहीही माझ्या मनात नव्हतं. त्याचा चेहरा पडत होता आणि मला बरं वाटत होतं, एवढंच. हा कागद तुझ्या फोटोमागे ठेवणार होतो, पण बायको तिथे रोज हात घालते. तेव्हा फाडून टाकीन. धक्क्यावर तू किती मनापासून हसली होतीस, ते मला पहिल्यापासून माहीत होतं.