आत्या, कबर उघडणार नाही

नेयाफू, वावाऊ बेट
१२ जून

आदरणीय लूसिया आत्या,

फुसीचा नमस्कार. ऑकलंडात थंडी वाढली असेल, गुडघे सांभाळा. इकडे सगळे बरे. रताळी चांगली निघाली, डुकरिणीला पिल्लं झाली. तुमच्या नातीच्या लग्नाची चटई निम्मी विणून झालीय.

निम्मीच का, ते तुम्हाला कळलंच आहे. विणताना माझ्या उजव्या तर्जनीला केवड्याची पात नुसती लागली तरी कळ मस्तकात जायची.

तुमचा निरोप पोचला. बाबांच्या बोटाच्या हाडात झाडाचं मूळ शिरलंय, म्हणून माझं बोट दुखतं. कबर उकरा, मूळ काढा, हाडांना तेल लावा. धाकटा सेमिसी लगेच फावडं आणि खोबरेल घेऊन हजर.

"ताई, बाजूला हो. आत्यांचा हुकूम आहे."

"आधी मला पूर, मग बाबांना उकर."

"तुम्हा दोघींच्या भांडणात माझं भरीत," म्हणत तो कबरीशेजारीच बसला. बहिणीला ढकलायची त्याची छाती नाही, आणि आत्याला नाही म्हणायचीही नाही.

आत्या, कबरीत ते बोट नाहीच. बाबांची तर्जनी बोटीच्या दोरात अडकून तुटली आणि पाण्यात गेली. उकरायचंच तर समुद्र उकरा. सगळ्या गावाला हे ठाऊक आहे. तुम्हाला कसं असणार?

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दाब ओळखणाऱ्या नसांच्या टोकांची गाठ आहे, पपईच्या बीएवढी. क्वचित कुणाला होते. पसरत नाही, जिवाला धोका नाही. मंगळवारी त्यांनी ती काढली. होय, तुम्हाला न विचारता. बोटाचं टोक बधिर आहे, कदाचित तसंच राहील. विणताना पात हाताला कळेल की नाही, कोण जाणे. तरी टाके निघाले की मी विणायला बसणार. चिरलेल्या हाताची चटई नको असेल तर घेऊ नका.

कबर उघडली नाही तर शाप देईन, म्हणालात. आत्याचा शाप फुकट जात नाही, हे मलाही माहीत आहे, आणि मी घाबरलेही आहे. पण तो ऑकलंडातून देऊ नका. बाबा गेले तेव्हा त्यांच्या उशाशी बहिणीच्या मानाची तुमची जागा दफन होईपर्यंत आम्ही रिकामी ठेवली. तुम्ही आला नाहीत. आता या. त्यांच्या कबरीपाशी उभ्या राहा, आणि त्यांच्या लेकीला तोंडावर शाप द्या.

वाट पाहते.

तुमच्या एकुलत्या भावाची मुलगी,
फुसी