नुसती वार

३ फेब्रुवारी
लेकीने तोंड बंद ठेवायला सांगितलंय, म्हणून लिहितेय. तिला दिवस गेलेत, आज सहा आठवडे पूर्ण. "आई, बारा होईपर्यंत एक अक्षर बोलायचं नाहीस. मागच्या वेळचं पुरे झालं!"

मागच्या वर्षी नवव्या आठवड्यात गर्भ गेला. तपासणीचा नमुना मी काम करते त्याच प्रयोगशाळेत आला. सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी मीच तयार केली. धीर द्यायला मी तिला म्हणाले, "रडतेस कशाला? बाळ नव्हतंच. नुसती वार होती." जे दिसलं ते सांगितलं. तेव्हापासून ती कामापुरतंच बोलते.

५ फेब्रुवारी
जावई फोनवर — "आई, तुम्ही गप्प? डॉक्टरला दाखवून या!" आगाऊ.

११ फेब्रुवारी
प्रयोगशाळेतल्या मोठ्या डॉक्टरांना विचारलं — बाळाला पोसणारी ही वार नक्की कुणाची? आईची की बाळाची?
"बाई, अठ्ठावीस वर्षं वार कापताय, आणि आज विचारताय?"
मग समजावलं — पाच-सहा दिवसांचा गर्भ म्हणजे पेशींचा गोळा, टाचणीच्या डोक्याहून लहान. बाहेरच्या पेशी वार व्हायला निघतात, आतल्या काही बाळ व्हायला. बीज एकच! आईचं फक्त गर्भाशयाचं थोडं अस्तर. मेंदू नाही, हृदय नाही, आणि पहिलं काम काय — मुळं रोवणं!
घरी भाजी चिरतानाही तेच डोक्यात.

२० फेब्रुवारी
डॉक्टरांचं पुस्तक आणलं. सुरुवातीला वारेच्या या पेशी आईच्या रक्तवाहिन्यांची तोंडं बुजवून ठेवतात. एवढ्या कोवळ्या जिवाला रक्ताचा लोंढा सोसणार नाही! तोवर अस्तरातल्या रसावर भागवायचं. दहा-बारा आठवड्यांच्या सुमारास बुचं निघतात. मग आईचं रक्त वारेच्या फांद्यांसारख्या अंकुरांभोवती, बाळाचं अंकुरांच्या आत — मध्ये पातळ पडदा.
मी शिस्तीची बाई. अशी शिस्त जन्मात पाहिली नाही.

२ मार्च
प्रयोगशाळेच्या कपाटातून मागच्या वर्षीची काचपट्टी काढली. क्रमांक माझ्याच अक्षरात. गुलाबी अंकुर, फांदीला फांदी फुटलेली. हे सगळं त्यानेच उभारलेलं. म्हणजे बाळ होतं. मी काय बोलून बसले!

१७ मार्च
सोनोग्राफी झाली. ठोके छान. वारही जागेवर. लेक म्हणाली, "बोल आता."
तिला थेट प्रयोगशाळेत नेलं, सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. "मी चुकले. हे बाळानेच केलं होतं. तुझ्यात राहायला."
डोळा न काढताच तिने विचारलं, "ही मला मिळेल?"

१८ मार्च
मोठ्या डॉक्टरांच्या सहीने दिली — काचपट्टी, एक. घेणारी — लेक. नोंदवहीत 'नमुन्याशी नातं' या रकान्यात, नमुना तिच्याच शरीरातला म्हणून, मी नेहमीसारखं 'स्वतः' लिहिलं होतं. तिने ते खोडलं. वर लिहिलं — आई.