न बांधलेलं फडकं

२३ फेब्रुवारी, सोमवार

आज सकाळी सव्वासहाला जास्वंदीवर औषध मारलं. फडकं बांधायचं राहिलं.

पंधरा दिवस झाडाला पांढरी कीड लागलीय. शेंडे आखडलेले, कळ्या गळतात. साबणाचं पाणी झालं, कडुनिंबाचं तेल झालं — काही उपयोग नाही. परवा वसईला घरी गेलेलो, तेव्हा भावाच्या वाडीतून उरलेली बाटली आणली. भाजीवर मारायचं जहाल औषध. नाकाला रुमाल बांधून पंप मारला. थोडा वारा होता. शेजारच्या तुळशीवर किती उडालं, पाहिलं नाही.

मग आंघोळ, चहा, कंपनीची बस. दुपारी डबा उघडला आणि — फडकं!

बाबांचा नियम होता. औषध मारलं की वाडीच्या कुंपणाला लाल फडकं. सात दिवस कुणी पानाला हात लावायचा नाही. फडकं दिसलं की चोरसुद्धा पुढच्या वाडीत जातो, म्हणायचे.

इथे बाळकुमच्या सोसायटीत माझी वाडी म्हणजे तळमजल्याच्या खिडकीपुढची सहा पावलं जमीन. कुंपण आहे, फाटक नाही. आणि रोज साडेसहाला शेजारच्या विमलाबाई परडी घेऊन येतात. जास्वंद गणपतीला, तुळस बाळकृष्णाला. तुळशीचं पान तीर्थात घालतात आणि ते तीर्थ पितात. वय अठ्ठ्याहत्तर.

घरी येऊन आधी तुळस पाहिली. शेंडे खुडलेले.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

उजाडायच्या आत तुळस छाटून टाकली. उरलेली पानं पिशवीत बांधून कचऱ्यात. कालची पानं मात्र गेलीच.

मग त्यांच्या दारात गेलो. सांगायलाच. मटार सोलत बसलेल्या.

"काय रे फ्लेव्हियन, तुझी जास्वंद यंदा का रुसली माझ्यावर?"

"कीड लागलीय, मावशी."

"मग औषध मार की! एवढा वाडीवाला तू!" आणि हसल्या. "आणि तुळशीचा चकोट का केलास रे? मी दिलेली ना ती?"

हो, त्यांनीच दिलेली. सहा वर्षांपूर्वी, क्लाराचा खोकला जात नव्हता तेव्हा. म्हटलं, "छाटली की फुटवा चांगला येतो." एवढं बोलून आलो.

आता फडकं बांधावं तर विचारणार — काल का नाही बांधलंस?

२५ फेब्रुवारी, बुधवार

बऱ्या आहेत. दूधवाल्याशी भांडताना आवाज ऐकला. देवा, तुझे उपकार!

२६ फेब्रुवारी, गुरुवार

कामावरून आलो तर त्यांच्या दाराला कुलूप. क्लारा म्हणाली, "विमलाबाईंना ॲडमिट केलंय. सकाळपासून उलट्या. काहीतरीच बरळत होत्या, रचनाला ओळखेनात." रचना म्हणजे त्यांची सून.

खुर्चीत बसलो. क्लाराला सगळं सांगितलं. तिने उठून मारिया मातेच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली, जपमाळ माझ्या हातात दिली. पाचव्या मण्याला मी उठलो. माळ ओढत बसण्याची ही वेळ नव्हती. डॉक्टरांना औषधाचं नाव कळायला हवं.

बाटली कापडी पिशवीत घातली, रिक्षा केली. वाटेत वाक्य पाठ करत होतो — त्यांच्या पोटात हे गेलं असेल. एवढंच. लहान वाक्य.

हॉस्पिटलात रचना पायऱ्यांवरच भेटली. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "भाऊ, आता बऱ्या आहेत. सोडियम खूप उतरलेलं. बीपीची नवीन गोळी चालू केलेली ना, त्यानेच. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत."

"नक्की? गोळीनेच?"

"हो ना! रिपोर्ट आलाय. तुम्ही कशाला घाबरलात एवढे? बघा, घाम फुटलाय."

माझं वाक्य तोंडातच राहिलं. पिशवी तशीच घरी आणली.

गोळीने झालं म्हणतात. मग रचना पायऱ्यांवर भेटली नसती, मी वर पोचलो असतो, तर बोललो असतो की नसतो? हे आता मला कधीच कळणार नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार

चर्चमध्ये पापनिवेदनाला गेलो. उपवासकाळ चालू आहे, रांग होती. जाळीपलीकडे फादर होते. सांगितलं — औषध मारलं, फडकं बांधायला विसरलो, शेजारीण आजारी पडली, पण त्यामुळे नाही.

फादर म्हणाले, "विसरलात, मग त्यात पाप ते कसलं? पण त्या बाईंना सांगितलंत का?"

"नाही, फादर."

"मला सांगून काय उपयोग? पानं मी नाही खाल्ली."

प्रार्थना दिल्या म्हणायला. म्हटल्या. छातीवरचं ओझं तसंच.

२ मार्च, सोमवार

विसरलो नव्हतो.

इथे पहिल्या दिवशी 'राहिलं' लिहिलं. क्लाराला तेच. फादरांनाही तेच — गुडघे टेकून! फडकं माझ्या हातात होतं. क्लाराच्या जुन्या ओढणीचा लाल तुकडा. पंप ठेवला आणि तो कुंपणाला बांधायला गेलो. हात थांबला.

आदल्या आठवड्यात क्लाराच्या आईच्या वर्षाची मिस्सा होती चर्चमध्ये. घरी त्यांच्या तसबिरीपुढे ठेवायला तीन जास्वंदी हव्या होत्या. एकही नव्हती. कळीसकट सगळं परडीत गेलेलं, वर एक फांदी मोडलेली. मी म्हटलं, "मावशी, आमच्यासाठी दोन ठेवत जा." तर म्हणाल्या, "झाड तुझं, फुलं देवाची!" आणि हसत गेल्या. ते हसणं आठ दिवस माझ्या डोक्यात होतं.

काही व्हावं असं वाटलं नव्हतं. खरंच नाही. एवढंच वाटलं की घेऊ देत. एक दिवस कळू दे, दुसऱ्याच्या झाडाला हात लावला की काय होतं. फडकं खिशात घातलं आणि आत आलो.

एवढा विचार केला होता मी.

४ मार्च, बुधवार

विमलाबाई काल घरी आल्या. आज काठी टेकत कुंपणापाशी. बारीक झाल्यात, आवाज तोच.

रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. सेक्रेटरी सलिलला माझी बाग काढून तिथे लादी टाकायचीय — स्कूटर लावायला. वर्षभर हे चाललंय आणि वर्षभर विमलाबाईंनीच अडवून धरलंय. सोसायटीतल्या सगळ्यात जुन्या त्या, त्यांच्यापुढे कुणी बोलत नाही.

"मी येणार मीटिंगला," म्हणाल्या. "त्या सलिलला म्हणावं, आधी माझ्यावर ओत सिमेंट, मग फ्लेव्हियनच्या झाडांवर!"

मी मान खाली घालून आळी करत राहिलो.

क्लाराला खरं काय ते सांगितलं, फडक्याचं. म्हणाली, "सांगायचं तर सांग. पण मीटिंग होऊ दे आधी. तीन-चार दिवसांनी काय बिघडतंय?"

काही नाही बिघडत. तेच तर.

५ मार्च, गुरुवार

तुळशीला फुटवा आलाय. पोपटी, दोन-दोन पानांचा. त्या कालही, आजही येऊन बघून गेल्या. हात लावत नाहीत. "मोठी होऊ दे," म्हणतात.

६ मार्च, शुक्रवार

चर्चमध्ये क्रुसाच्या वाटेच्या भक्तीला गेलो. लक्ष नव्हतं. मीटिंगनंतर सांगितलं तर ते सांगणं नव्हे. बाग वाचवून मग मन हलकं करायचं — म्हणजे पुन्हा माझीच सोय.

७ मार्च, शनिवार

सांगितलं. साडेसहाला, झाडापाशीच. फडकं हातात होतं, मुद्दाम बांधलं नाही, हेही.

पोटाचं त्यांनी विचारलंच नाही. आजारपणाचं नाही, गोळीचं नाही. तुळशीकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "अरे, मी ते पान आधी देवाला दिलं रे."

तेरा दिवस मी त्यांच्या पोटाची काळजी करत होतो. हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

परडी तशीच रिकामी घेऊन आत गेल्या. उद्या मीटिंग.

मुदत कधीच संपलीय, तरी कुंपणाला फडकं बांधलं. गाठ पक्की मारली.