दुसरी बाटली

तीर्थरूप बाबांस,

साष्टांग नमस्कार. नमस्कार रागातला आहे, पण आहे.

मी बरी आहे, खोली उबदार आहे, जेवते वेळेवर. आता तुमच्याकडे वळते.

कोलोनोस्कोपीचा फोटो तुम्ही मोठ्या ऐटीत पाठवलात, खाली "सगळं ठीक" लिहून. मी दिवसभर दुर्बिणीतून लोकांची आतडी बघते, हे विसरलात वाटतं. फोटोत निम्म्या भागावर गढूळ पाणी आहे. पोट साफ करायच्या औषधाची दुसरी बाटली तुम्ही प्यायलाच नाहीत. डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं असणारच, ते खुबीने गाळलंत. आई लिहिते, बेसिनजवळच्या कुंडीतलं झाड अचानक करपलं. का, ते तिला कळत नाहीये. मला कळतंय.

इथे आतड्यात कोंब, म्हणजे पॉलिप, दिसला की आम्ही बटण दाबून निळसर प्रकाश टाकतो. त्यात कोंबावरची नक्षी आणि बारीक रक्तवाहिन्या उठून दिसतात. तो साधा की धोक्याचा, हे बहुतेकदा तिथल्या तिथे ओळखता येतं. पण गढूळ पाण्याखाली प्रकाश तरी काय करणार?

आईचे गुडघे कसे आहेत? तिला यातलं काही सांगू नका.

तुमच्या फोटोत डावीकडे, पाण्याच्या कडेला, कोंबासारखं काहीतरी आहे. फोटो मोठा करकरून बघितला. नाही ओळखता आलं. रोज परक्यांचं ओळखते, बाबा.

तपासणी पुन्हा करायची. मी रजा टाकलीय. दुसरी बाटली माझ्यासमोर बसून प्यायची.

तुमची, अजून न निवळलेली,
धाकटी