मॅट कागदावरचा चेहरा

६ जानेवारी

स्वस्त ग्लॉसी कागदाचा अख्खा गठ्ठा वाया! शाई वाळतच नाही. बोट लागलं की फोटोतला गालच पुसला जातो. आमचे हे, मतीन, म्हणतात, "भारीतला घे." त्यांना काय — ते दिवसभर कुपवाडला कारखान्यात. फोटोचं दुकान मी बघते. भारी कागदाचा दर माधवनगरात देतंय कोण?

९ जानेवारी

नदीकाठच्या गावचे कृष्णात आले होते. मिलिटरीतून रिटायर. सोबत मुलगी, राजनंदिनी. तिचं लग्न ठरलंय. ती तान्ही असतानाच आई गेली. पुढं २००५ च्या पुरात फोटोंची ट्रंक वाहून गेली. पोरीनं आईचा चेहरा पाहिलेलाच नाही. लग्नाआधी एकदा बघायचाय.

कृष्णातांच्या चुलतभावाच्या लग्नाचे फोटो माझ्या सासऱ्यांनी, अब्बांनी, काढलेले. "आमची मंडळी हुती त्या लग्नात. मागं कुटंतरी आसंल बगा." अब्बांनी एक निगेटिव्ह कधी फेकली नाही. मी शोधते म्हणाले. कशाला म्हणाले!

१३ जानेवारी

मान आखडली. सापडलं निगेटिव्हचं पाकीट. ओल लागलीय, पण चेहरे आहेत.

१८ जानेवारी

बापलेक पुन्हा आले. मी एकेक निगेटिव्ह स्कॅन करून स्क्रीनवर मोठी करत होते. पोरगी विचारायची, "ही का?" कृष्णात म्हणायचे, "न्हाई." "मग ही?" "न्हाई गं." फोटो संपत आले. ती ओढणी तोंडावर धरून रडायला लागली. मलाच बघवेना.

मग कृष्णातांनी बोट ठेवलं. "ही. हीच." मांडवाच्या खांबामागं एक बाई, खाली बघून हसतेय.

पोरगी स्क्रीनला हात लावून बसली. उठेचना.

२० जानेवारी

चेहरा नखाएवढा, मोठा केला की फुटतो. उरलेल्या ग्लॉसीवर काढला — नुसते ठिपके, वर दिव्याची चकाकी. भारी कागदावर तर ठिपके आणखीनच उठून दिसले.

शेवटी सर्टिफिकेटसाठी आणलेला साधा, बिनचमकीचा मॅट घातला. सगळ्यात स्वस्त. शाई आत मुरली, ठिपके मऊ झाले. कागद मशीनमधून सरकत आला आणि बाई हसली. दमले होते, तरी तिथंच उभी राहिले.

राजनंदिनीच्या मैत्रिणी, चुलत बहिणी, सगळ्यांना प्रती हव्यात. याच कागदावर देईन. परवडेल त्यांना.

२२ जानेवारी

राजनंदिनी फोटो घेऊन गेली. "नाक माझंच हाय की, वहिनी." मी म्हटलं, हो. खरंच वाटलं तसं. कृष्णात दारातच उभे होते, आत आले नाहीत. फोटो आवडला नाही की काय?

३ फेब्रुवारी

लग्न झालं. आज कृष्णात एकटेच आले. काउंटरवर उरलेल्या प्रती सरळ करत बसले. मग म्हणाले, "वहिनी, ती न्हवं ती. कोन हाय मला बी म्हाईत न्हाई. पोरगी रडाय लागली, मी बोट ठिवलं."

मी विचारलं, मग राजनंदिनीच्या आई कशा दिसायच्या?

समोरची प्रत त्यांनी उचलली. कितीतरी वेळ बघत राहिले.

"आता हिच्यासारकीच वाटाय लागलीया."