इंधनाशिवाय

३ फेब्रुवारी
मरोळमधल्या नोकरीचा पहिला दिवस झकास गेला. अकोल्याहून आले आणि मनासारखं काम मिळालं, राहायला कंपनीची खोलीही. डीएनएचे धागे दुमडून दोन पायांची इवली यंत्रं बनवायची. आखलेल्या वाटेवर ती पावलं टाकतात. पुढे कधीतरी शरीरात औषध पोचवतील. मात्र दुसऱ्या डीएनएचा थेंब घातल्याशिवाय हलत नाहीत. तेच त्यांचं इंधन. आमचे साहेब, केयूरभाई, हसतमुख आहेत. शेजारच्या टेबलावरची जयंती पार्ल्याची. तिनेच सगळं दाखवलं.

११ फेब्रुवारी
आज माझी यंत्रं इंधन न घालताच चालली. पडद्यावर यंत्रांचे हिरवे ठिपके माझ्या दिशेने सरकत होते. मी खुर्ची पलीकडे नेली, तर तेही वळले. केयूरभाई म्हणाले, उपकरणात बिघाड असेल. पण चेहरा खुलला होता त्यांचा.

१८ फेब्रुवारी
माझा कप वेगळा ठेवतात. मी हात लावलेली कडी जयंती रुमालाने धरते. डब्यातली भाजी पुढे केली तर म्हणाली, उपास आहे. आडनावावरून कळलं असणार. आजोबांच्या वाट्याला आलं तेच या काचेच्या इमारतीतही?

२० फेब्रुवारी
जयंतीला जिन्यात अडवून विचारलंच. ती रडायला लागली.
"जातीचं नाही गं, नीलम. तुला हात लावायचा नाही, असं सांगितलंय आम्हाला."
मग तिने सगळं सांगितलं. रुजू होताना माझ्या गालातून कापसाने नमुना घेतला होता, तपासणीसाठी म्हणून. यंत्रांचा आराखडा त्याच्यावरून बेतला होता. ती आपलं माणूस शोधतात का, हे बघायचं होतं.
"आणि आता ती यंत्रं काचपट्टीवर नाहीत," ती म्हणाली.

२१ फेब्रुवारी
कामावर गेले नाही. बोटं बधिर. साबण, स्पिरिट, कशाचाच उपयोग नाही. केयूरभाईंचा फोन आला: घरीच थांबा, गाडी पाठवतो. कुठे नेणार ते सांगेनात.

२२ फेब्रुवारी
उजवा दंडही गेला. डाव्या हाताने लिहितेय. त्यांचं इंधन मीच —
खाली गाडी उभी आहे. कुणी वर येत नाही. कुणाची तरी वाट बघतायत. कुणाची —

२३ फेब्रुवारी
दाराबाहेर आई.
मी बोलावलं नव्हतं. कंपनीनेच तिकीट पाठवलं म्हणे. ओरडून सांगितलं, परत जा. ती म्हणते, "आधी उघड, मग बोल."
माझ्या डीएनएतलं अर्धं तिचंच. यंत्रांना तीही आपलीच —
केयूरभाईंचा आवाज. कंपनीकडची किल्ली कुलपात फिरतेय —
आई, हात नको ला